मतलई वारे

कळवणला समुद्र नाही. बाकी सगळं आहे. कांदा आहे, कांद्याचा बाजार आहे, आणि कांद्याचा भाव पडला की दिवसभर बोलायला विषयही आहे. सप्तशृंगीचा गड आमच्याच तालुक्यात येतो. गिरणा नदी आहे, तिच्यावर चणकापूरचं धरण आहे. धरण भरलं की आम्ही सहकुटुंब, डबे बांधून ते बघायला जातो आणि पाण्याकडे तोंड करून 'अगदी समुद्रासारखं वाटतं, नाही?' असं एकमेकांना म्हणतो. म्हणणाऱ्याने समुद्र पाहिलेला नसतो आणि मान डोलावणाऱ्यानेही पाहिलेला नसतो. त्यामुळे मतभेदाला जागा राहत नाही.

अशा या गावात मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'खारे वारे आणि मतलई वारे' हा माझा हातखंडा धडा. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र मात्र ऊब धरून बसतो, म्हणून वारा उलटा फिरतो आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. ते मतलई वारे. फळ्यावर डावीकडे निळ्या खडूने समुद्र, उजवीकडे तपकिरी खडूने जमीन, वर सूर्य आणि खाली एक बाण, अशी माझी आकृती ठरलेली. ती मुलांच्या वहीत उतरली की सूर्य पुसून चंद्र काढायचा आणि बाणाचं टोक फिरवायचं. 'दिवसा समुद्र पाहुणा येतो, रात्री जमीन त्याला पोचवायला जाते' असं एक सूत्रही मी स्वतःच्या डोक्याने तयार केलं होतं. एका मुलाने परीक्षेत 'पाहुणा जेवून जातो' एवढी भर घातली. त्याला मी अर्धा गुण जास्त दिला.

एकदा तपासणीला साहेब आले होते. मी अर्थातच हाच धडा घेतला. सूर्य गेला, चंद्र आला, बाण फिरला. 'कुणाला काही शंका?' असं मी विचारलं, कारण साहेबांसमोर तसं विचारायचं असतं आणि मुलांनी गप्प बसायचं असतं. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

'सर, तुम्हाला तो वारा लागलाय का?'

'कोणता?'

'मतलई.'

वर्ग चिडीचूप. साहेब पहिल्यांदाच घड्याळ सोडून माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, 'वारा लागावा लागत नाही बाळ, समजावा लागतो.' साहेबांनी शेरेवहीत समाधान व्यक्त केलं. मुलाचं काही समाधान झालं नाही, हे त्याच्या बसण्यावरून दिसलं. आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. निवृत्त होईपर्यंत तो बाण काढताना माझा खडू तिथे जरा अडखळायचा.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र काही विलायतेत नाही. कळवणपासून पश्चिमेला सरळ रेष मारली तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अरबी समुद्र. पण सरळ रेषेने फक्त कावळे जातात. आमच्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्री आडवा बसलाय. आमच्या नदीनेसुद्धा त्याच्या नादी लागायचं टाळलं. ही गिरणा उगम पावते आमच्या पश्चिमेच्या डोंगरांत, म्हणजे समुद्राच्या अंगाला. पण समुद्राकडे पाठ करून ती पूर्वेला निघते, मालेगावावरून जळगाव जिल्ह्यात जाते, तिथे तापीला गाठते आणि तापीचं बोट धरून परत पश्चिमेला येऊन सुरतेखाली समुद्रात उतरते. एवढा मोठा वळसा घालून समुद्राला जाणारी नदी ज्या गावाला लाभली, त्या गावचा भूगोलाचा मास्तर सत्तरी आली तरी समुद्रापर्यंत पोचला नाही, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

मात्र एकदा उलटा प्रकार झाला होता. सुरत आमच्याकडे आली होती. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि ती दौलत घेऊन ते बागलाणातून निघाले. सुरतेची दौलत म्हणजे समुद्राचीच दौलत. मक्केच्या वाटेवरचं आणि विलायतेच्या व्यापाराचं ते बंदर. मोगलांचा दाऊदखान पाठलागावर होता. आमच्या इकडच्या सातमाळा रांगेत कांचन-मांचनची खिंड आहे, तिथे १७ ऑक्टोबरला उघड्या मैदानावर लढाई झाली. महाराजांनी मोगलांना रोखून धरलं आणि माल सुखरूप पुढे गेला. तेव्हा समुद्र पाहायला आम्ही गेलो नसलो, तरी समुद्राची कमाई आमच्या दारावरून घोड्याबैलांच्या पाठीवरून गेलेली आहे. हे मी वर्गात सांगायचो आणि मुलं खिडकीबाहेर बघायची, जणू एखादा बैल मागे राहिला असेल.

समुद्राशी माझा खरा संबंध आला तो लग्नामुळे. माझ्या नव्हे, मुलीच्या. ती पडली अलिबागजवळच्या थळला. व्याही बंदर खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले, दारात नारळ-सुपारीची वाडी, माणूस मोठा गोड. दोष एकच. प्रत्येक वाक्य 'आमच्याकडे'ने सुरू करायचे. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा आमच्या अंगणात उभं राहून चहूकडे बघत म्हणाले, 'गाव छान आहे हो. पण पाणी कुठे दिसत नाही?'

'विहिरीत आहे,' मी म्हणालो.

'तसं नव्हे. आमच्याकडे कसं, खिडकी उघडली की पाणी.'

'आमच्याकडे पावसाळ्यात खिडकी बंद असली तरी आत पाणी,' आमची ही आतून म्हणाली. तिथेच सोयरीक पक्की झाली.

पुढे वर्षानुवर्षं आमचा हा सामना चालला. त्यांनी पापलेट म्हटलं की मी द्राक्षं म्हणायचो. त्यांनी भरती-ओहोटी काढली की मी गडाच्या पायऱ्या काढायचो. मग आला जुलै २०२५. युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नावं जागतिक वारशाच्या यादीत घातली आणि त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला.

'अभिनंदन करा व्याही! आमचा खांदेरी जागतिक झाला.'

'तुम्हीही करा,' मी म्हणालो. 'आमचा साल्हेर त्याच यादीत आहे. १,५६७ मीटर. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शेजारच्याच तालुक्यात.'

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग व्याही म्हणाले, 'पण तिथे जायला होडी लागत नाही ना?'

या जागतिक आनंदात आमच्या गावच्या वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं. विषय मीच दिला: 'डोंगरातून दर्यावर'. शिवनेरीच्या डोंगरात जन्मलेल्या राजाने आरमार उभारलं, म्हणजे घाटावरच्या माणसाला समुद्र कळतो, असा एकूण रोख. समोर साठेक माणसं, पहिल्या रांगेत आमचे एक जुने कांदाव्यापारी शेटजी, टोपी मांडीवर ठेवून. मी रंगात आलो. १६५७ च्या सुमाराला कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची झालेली सुरुवात सांगितली. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, ते सांगितलं. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजात बसून थेट कानडी मुलखातल्या बसरूरवर गेले, ते तर असं सांगितलं की माझंच पोट ढवळलं. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, 'आणि १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीच्या पाण्यात आपल्या आरमाराने इंग्रजांना धूळ चारली!' पाण्यात धूळ कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

हल्ली प्रत्येक टाळीचं चित्रीकरण होतं. कुणीतरी ते मुलीला पाठवलं, मुलीने कौतुकाने सासऱ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

'व्याख्यान ऐकलं व्याही. आवाज अजून खणखणीत आहे हो.'

'छे, छे, आपलं असंच...'

'फक्त एक सांगू का? रागवू नका. त्या दिवशी आपण पळालो होतो.'

त्यांनी 'आपण' म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा. मी फोन ठेवला आणि कपाटातली पुस्तकं खाली काढली. दोन दिवस जेवणाखेरीज उठलो नाही. 'पेपर तपासायचे दिवस आठवले,' असं आमची ही म्हणाली. तेव्हा निदान मी दुसऱ्यांच्या चुका शोधत असायचो. या वेळी निळी शाई माझी होती आणि लाल व्याह्यांची.

तर हकिगत अशी होती.

मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी हे लहानसं बेट आहे. मुंबई तेव्हा नुकतीच इंग्रजांची झालेली. १६६१ च्या तहात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला राजकन्येबरोबर आहेर म्हणून दिली आणि राजाने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने लावली. आलेला आहेर असा पुढे सरकवण्याची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे, असं मी समजत होतो. त्या मुंबईच्या बंदरात जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपली जहाजं आणून ठेवायचा आणि उघडीप पडली की महाराजांचा किनारा लुटायचा. खांदेरी म्हणजे या बंदराच्या तोंडाशी असलेला पाट. त्यावर जो बसेल त्याला येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसणार. महाराजांनी १६७२ मध्येच तिथे किल्ला बांधायला घेतला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम थांबलं.

सात वर्षं महाराज थांबले. मग ऑगस्ट १६७९ च्या अखेरीला, पावसाळा अजून पुरता सरला नव्हता, मोठी जहाजं बाहेर काढायला सगळे बिचकत होते, अशा वेळी मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि भिंत घालू लागला. मुंबईकर इंग्रजांनी निरोप पाठवला की बेट आमचं आहे, निघा. मायनाकाचं म्हणणं असं की धन्याच्या हुकमाने आलो, धन्याच्या हुकमाशिवाय जाणार नाही. आणि भिंत चालू.

१९ सप्टेंबरला फ्रान्सिस थॉर्प नावाचा लेफ्टनंट शिबाडं घेऊन बेटाला भिडला, तो तिथेच मारला गेला. मग मोठी लढाऊ जहाजं आली. त्यांची नावं मला फार आवडली. एकाचं नाव हंटर, म्हणजे शिकारी. दुसरं रिव्हेंज, म्हणजे सूड. तिसरं एक गुराब होतं, त्याचं नाव डव्ह, म्हणजे पारवा. युद्धावर निघालेल्या जहाजाला हे नाव कुणी दिलं असेल कोण जाणे. आमच्या शाळेतही एका फार वांड मुलाचं नाव शांताराम होतं.

आणि मग ती १८ ऑक्टोबरची पहाट. मराठ्यांचा दर्यासारंग दौलतखान चाळिसांहून अधिक गलबतं घेऊन किनाऱ्याकडून एकदम इंग्रजांवर चालून आला. इतका वेगाने, की नांगर उचलायलाही इंग्रजांना उसंत मिळेना. थोड्याच वेळात पाऱ्याने निशाण उतरवलं. बाकीची इंग्रजांची लहान जहाजं बाजूला पांगली. इथपर्यंत माझं व्याख्यान बरोबर होतं. पण रिव्हेंज एकटं उभं राहिलं. त्यावर रिचर्ड केग्विन नावाचा कप्तान होता, मोठा खमक्या. त्याने मोठ्या तोफांचा असा मारा केला की दौलतखानाची काही गलबतं बुडाली आणि उरलेली वळून उथळ पाण्याच्या खाडीत शिरली. मोठ्या जहाजाला तिथे मागे जाता येईना. म्हणजे पारवा सापडला आणि सूड निसटला. धूळ चारली होती खरी, पण कुणी कुणाला, हे सांगताना मी बाणाचं टोक उलटं काढलं होतं.

मी व्याह्यांना फोन केला. म्हणालो, 'तुमचं बरोबर. पळालो होतो.'

'मग किल्ला कुणाचा झाला?' त्यांनी विचारलं.

'आपलाच.'

'मग पळून जिंकलो कसे?'

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण नीट लागत नव्हतं. व्याही म्हणाले, 'ते कळवणला बसून नाही कळायचं. या इकडे. बेट दाखवतो.'

डिसेंबरात आम्ही थळला गेलो. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. साहित्यिक मंडळींना अशा वेळी जे काही वाटतं, ते मला काहीच वाटलं नाही. मला फक्त वाटलं की माझा निळा खडू फारच फिका होता.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी होडी ठरवली. इंजिनाची होडी, दोन खलाशी आणि एक तांडेल. तांडेल माझ्याहून म्हातारा, पण होडीत असा चढला जसा मी पंक्तीत पाटावर बसतो. मला चढवायला चौघे लागले. 'मास्तर, पायाकडे बघू नका, लांब बघा,' तांडेल म्हणाला. मी लांब बघितलं. लांबचंही हलत होतं. आधी उंदेरी आलं, किनाऱ्याला लागून. मग मोकळा समुद्र. आणि मग मला बोट लागली. ३१ वर्षं मी मुलांना लाटांची उंची, लांबी आणि कालावधी शिकवला होता. त्यातला कालावधी तेवढा त्या दिवशी नीट कळला. आमची ही मात्र सुपारी चघळत, पदर खोचून, तांडेलाला बोंबलाचे भाव विचारत बसली होती. घाटावरच्या माणसाला समुद्र कळतो, हे माझं विधान अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त त्यात 'बायकोला' एवढी दुरुस्ती हवी होती.

बेटावर उतरल्यावर जमीन बराच वेळ होडीसारखी वागत राहिली. खांदेरीवर वेताळाचं ठाणं आहे, कोळ्यांचा मोठा भाव त्याच्यावर. १८६७ मध्ये बांधलेला दीपगृहाचा मनोरा आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या, पुढच्या काळातल्या तोफा आहेत. आणि एक मोठी शिळा आहे, ती लहान दगडाने ठोकली की भांड्यासारखी वाजते. मी ठोकली. इतका हुबेहूब शाळेच्या घंटेचा आवाज आला की मी नकळत ओळीत उभा राहिलो.

तटावर बसून डबे सोडले. उत्तरेला मुंबईच्या वाटेवरची मोठी जहाजं संथ उभी होती, पूर्वेला थळचा किनारा, माडांची काळी रेघ. चार-पाच किलोमीटर असेल. तेवढ्यात मला माझा प्रश्न आठवला. 'इंग्रजांची जहाजं मधे उभी,' मी म्हणालो, 'तर या दीडशे माणसांना इथे धान्य कोण आणून देत होतं?'

'रात्री आणत असतील,' तांडेल म्हणाला.

पुस्तकातही तेच होतं. दिवसा रिव्हेंजच्या तोफांपुढे मराठ्यांची गलबतं टिकत नव्हती. पण रात्री तीच लहान, उथळ तळाची गलबतं अंधारातून इंग्रजांच्या नाकासमोरून बेटावर ये-जा करत होती. धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान. इंग्रजांनी आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांत याचीच रड आहे, की ही होडकी आमच्या जहाजांहून चपळ आहेत, सापडत नाहीत. त्यांचे वरिष्ठ होते सुरतेला. त्यांना खर्चाची काळजी. लढाईला जहाजं भाड्याने घ्यावी लागत होती, आणि ज्या शिवाजीशी व्यापार करायचा त्याच्याशीच लढायचं, हे जमेला धरायचं की खर्चाला, हे त्यांच्या वहीत बसेना. नोव्हेंबरात सिद्दी कासिम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. पण बेट घेतलं तर ते सिद्दी स्वतःच गिळेल, अशी इंग्रजांना धास्ती. भाऊबंदकीचा दावा जसा वकिलांच्या फीमुळे मिटतो, तसा हा शेवटी मिटला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रज निघून गेले. सिद्दीने त्याच महिन्यात जवळचं उंदेरी बळकावलं आणि पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली. पण खांदेरी राहिला. पुढे नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून मोठं आरमार घेऊन आला, तेव्हाही कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

त्या केग्विनचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. कंपनीने शिपायांच्या खर्चात काटछाट केली, तेव्हा डिसेंबर १६८३ मध्ये या गृहस्थाने बंड करून अख्खी मुंबईच ताब्यात घेतली आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने चालवली. वेतनश्रेणीचे प्रश्न वेळेवर सोडवले नाहीत तर काय होतं, हे मी आमच्या शिक्षक संघटनेला सांगणार आहे.

'पण रात्री, अंधारात, शिडाच्या गलबतांनी एवढ्या नेमाने यायचं कसं?' मी विचारलं.

तांडेलाने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाला, 'वारा नेतो की. उद्या पहाटे किनाऱ्यावर या मास्तर. चारला.'

पहाटे चारला मी थळच्या वाळूत उभा होतो. अंगावर आमच्या हिची शाल, डोक्याला मफलर. व्याही शेजारी, हातात विजेरी. काळोख असा की पाणी फक्त ऐकू येत होतं. पुढे होड्यांवर लुकलुक दिवे, माणसांच्या हाका, जाळ्यांची ओढाओढ. आणि एकाएकी मफलर आणि कॉलरच्या मधल्या फटीतून मानेला काहीतरी गार लागलं. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मागे माडाच्या वाड्या होत्या, त्यांच्यामागे शेतं, त्यांच्यामागे डोंगर. त्या सगळ्यांवरून एक थंड, एकसारखा, कसलाही आवाज न करणारा वारा खाली येत होता आणि माझ्या मानेवरून, कानांवरून पुढे समुद्रात जात होता.

'हा मतलई,' व्याही म्हणाले. पहिल्यांदाच 'आमच्याकडे' न म्हणता.

तांडेल होडीतून ओरडला, 'आमचे म्हातारे याच्यावरच जायचे, मास्तर! इंजिन कुठलं तेव्हा! पहाटे याने बाहेर जायचं, दुपारी खाऱ्याने घरी यायचं!'

मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे फळा उभा राहिला होता. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, वर चंद्र. खाली बाण. त्या बाणावर मी ३१ वर्षांत कुणालाही बसवलं नव्हतं. आता त्याच्यावर गलबतं दिसत होती, शीड भरलेली, दिवा विझवलेला, तळाला तांदळाची पोती, वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून दबकत चाललेली माणसं. पावसाळा सरून हा वारा सुरू झाला की रोज रात्री तो त्यांच्या पाठीशी उभा राहत असणार. रिव्हेंजवर तोफा होत्या, शूर कप्तान होता. थळच्या लोकांकडे चौथीच्या भूगोलात बसेल एवढं ज्ञान होतं, पण ते पाठ केलेलं नव्हतं. दौलतखान त्या दिवशी बरोबर पहाटेच का चालून आला, आणि किनाऱ्याकडूनच का, तेही मला तिथे उभ्या-उभ्या पटलं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. लढाईतल्या माणसांची नावं मला पाठ होती. दौलतखान, केग्विन, थॉर्प. पोती वाहणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी व्याख्यानात त्यांना एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतं. कारण लढाई सांगताना आवाज चढवता येतो, पोती सांगताना येत नाही. समोरच्या होड्या एकेक करून काळोखात गेल्या. त्यांचीही नावं मला माहीत नव्हती.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला पत्र लिहावं असं मनात आलं. पण तो आता कुठे असतो, ते ठाऊक नाही. असता तर एवढंच लिहिलं असतं: लागला.

कळवणला परत आल्यावर मी वाचनालयाच्या चिटणिसांकडे गेलो आणि म्हणालो, मला आणखी एक व्याख्यान द्यायचं आहे. मागचं चुकलं होतं. चिटणीस गडबडले. व्याख्यान चुकलं म्हणून दुसरं देण्याची प्रथा नव्हती. 'लोकांच्या लक्षात नसेल हो सर,' ते म्हणाले. तेच तर दुःख होतं. चुकीचं होतं तेवढंच लक्षात असणार, याची मला खात्री होती. टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

या वेळी वीस-बावीस माणसं आली. मी सरळ सांगितलं की १८ ऑक्टोबरची लढाई आपण जिंकली नव्हती, मी खोटं बोललो होतो. मग फळा मागवला. समुद्र काढला, जमीन काढली, चंद्र काढला, बाण काढला. आणि मायनाक भंडाऱ्याच्या भिंतीला रोज रात्री धान्य कसं पोचत होतं, ते सांगितलं. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. त्याच्या दोन-अडीच महिने आधी खांदेरीसमोरून इंग्रजांची जहाजं उठून गेली होती, हे सांगून थांबलो. आवाज एकदाही चढवला नाही. टाळ्या पडल्या नाहीत. दोघे-तिघे हिरमुसलेले दिसले. माणूस जिंकलेली लढाई ऐकायला घरून निघतो आणि त्याला वाऱ्याचा धडा मिळाला, तर होणारच.

पहिल्या रांगेतले शेटजी मात्र टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसले होते. जन्मभर त्यांनी कळवणचा कांदा ट्रकात भरून दूरदूरच्या बाजारांत पाठवलेला. रस्ते खचलेले, पूल वाहून गेलेले, संप झालेले, सगळं पाहिलेलं. बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले.

'म्हणजे मास्तर, लढाईत मार खाल्ला.'

'खाल्ला.'

'पण माल रोज पोचला.'

'रोज पोचला.'

'मग मागच्या वेळी एवढं ओरडत का होता?' शेटजी म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले.